ज्याला आपण इंग्लंड म्हणतो

एकतीस वर्षं मी सांगलीत भूगोल शिकवला. नकाशावर पट्टी ठेवायची आणि ‘हे इंग्लंड’ म्हणत अख्ख्या बेटावरून ती फिरवायची, ही माझी सवय. मुलंही पेपरात तेच लिहायची आणि मी बरोबरची खूण करायचे. लेक लग्न होऊन लंडनला गेली, तेव्हाही शेजारीपाजारी सांगताना ‘इंग्लंडला असते’ एवढंच. या जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो आणि आठवडाभर चारी मुलखांत हिंडून आलो.

निघण्याआधी वहीत आकडे उतरवून घेतले. जुनी खोड, दुसरं काय. युनायटेड किंग्डमचं एकूण क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षाही साठेक हजारांनी कमी. त्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड. उत्तर आयर्लंड तर पुणे जिल्ह्यात मावेल. एकूण माणसं सात कोटींच्या आसपास, आणि शंभरातली चौऱ्याऐंशी एकट्या इंग्लंडात. घरात एकच भाऊ एवढा धिप्पाड असला की बाकीच्यांची नावं पाहुण्यांच्या लक्षात राहत नाहीत, तसं झालंय खरं.

दिवस पहिला : लंडन

वेस्टमिन्स्टर ॲबी बघायची ती राजांच्या थडग्यांसाठी, असं लेकीचं म्हणणं. मला बघायची होती एक खुर्ची. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२९६ मध्ये स्कॉटलंडवर स्वारी केली आणि तिथले राजे ज्या दगडावर बसून राजे व्हायचे, तो स्कोनचा दगडच उचलून आणला. दीडशे किलोंचा साधा वाळूचा दगड. त्याच्यासाठी ओक लाकडाची खुर्ची केली, दगड आसनाखाली बसवला, आणि पुढची सातशे वर्षं इंग्लंडचे राजे त्यावर बसून राज्याभिषेक करून घेत राहिले. दुसऱ्याच्या देवघरातला देव्हारा आणून आपल्या पाटाखाली ठेवावा, तसला प्रकार.

खुर्ची पाहिली आणि हसूच आलं. सगळीकडे नावं कोरलेली! कोणा ॲबट नावाच्या इसमाने तर १८०० सालच्या जुलैत आपण या खुर्चीत झोपल्याचं लिहून ठेवलंय. गडावर बदाम काढून नावं कोरणाऱ्या आपल्या पोरांवर मी आयुष्यभर ओरडत आले. त्यांचे पूर्वज इथेही होते म्हणायचे. आसनाखालची जागा मात्र रिकामी. १९५० च्या नाताळात ग्लासगोच्या चार विद्यार्थ्यांनी रात्रीत हा दगड पळवला, त्या खटपटीत त्याचे दोन तुकडे झाले. काही महिन्यांनी तो सापडला आणि परत आला. पुढे १९९६ मध्ये सरकारनेच तो रीतसर स्कॉटलंडला दिला, गरज पडेल तेव्हा राज्याभिषेकापुरता आणायचा या बोलीवर. २०२३ मध्ये तसा आणलाही होता.

“आई, एडिंबराला गेलीस की दगड बघ,” लेक म्हणाली. वहीत लिहून घेतलं.

बाहेर दुकानांत जिकडेतिकडे युनियन जॅक: कपांवर, छत्र्यांवर, मोज्यांवर. जावयांनी त्यातला एक कप उचलून मला परीक्षेला बसवलं. “सांगा आई, यात वेल्स कुठाय?” नाहीच. पांढऱ्यावर लाल उभा क्रूस इंग्लंडचा, निळ्यावर पांढरी फुली स्कॉटलंडची, ही जोडणी १६०६ ची. लाल फुली आयर्लंडची, ती १८०१ मध्ये आली. वेल्स त्याआधीच, सोळाव्या शतकातल्या कायद्यांनी, इंग्लंडात जिरवून टाकलेलं. त्यामुळे त्यांचा लाल ड्रॅगन झेंड्याबाहेरच राहिला.

दिवस दुसरा : कॉन्वी

लंडनच्या यूस्टन स्टेशनातून वेल्सच्या उत्तर किनाऱ्याला गाडी तीनेक तासांत पोचते. चेस्टर मागे पडलं की समुद्र एकदम उजवीकडे येऊन बसतो, आणि स्टेशनांच्या पाट्या दोन भाषांत होतात. उतरून भाड्याची गाडी घेतली. पहिल्याच वळणावर डांबरावर पांढऱ्या ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘अराव’. म्हणजे हळू. खाली इंग्रजी ‘स्लो’. एवढ्याशा शब्दाने मला जे सांगितलं, ते माझ्या पाठ्यपुस्तकाने सांगितलं नव्हतं.

मुक्कामाच्या घरच्या बाईंनी मला तिथल्या एका गावाचं नाव ‘लॅनडडनो’ असं म्हणताना ऐकलं आणि हसून थांबवलं. वेल्श भाषेत दोन ‘एल’ मिळून एक अक्षर होतं. जीभ ‘ल’च्या जागी टेकवायची आणि आवाज न करता दोन्ही बाजूंनी वारा सोडायचा. मी पाच-सहा वेळा केलं. मांजर फिसकारल्यासारखं निघालं. मग मी त्यांना ‘ळ’ म्हणायला लावलं. बाळ, केळं, कावळा. त्यांचा कावळा ‘कावला’च्या पुढे उडेना. बरोबरी झाली.

कॉन्वीचा किल्ला त्याच पहिल्या एडवर्डचा. वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजपुत्र लिवेलिन १२८२ मध्ये मारला गेला आणि लगेच पुढच्या वर्षी हे बांधकाम सुरू झालं. आठ बुरूज, गावाभोवती तट, आणि तटाच्या आत वस्तीला आणलेले इंग्रज. चार-साडेचार वर्षांत काम संपलं म्हणतात. आमच्या इथला उड्डाणपूल आठवून मी गप्प बसले. बुरुजावरून खाली बघताना ह्यांनी विचारलं, “हा बाहेरच्या शत्रूसाठी बांधला की आतल्या?” नेमका प्रश्न. तोफा नसलेल्या काळातला किल्ला, समोर खाडी, रसद समुद्रातून, आणि भिंतींचा रोख डोंगरातल्या माणसांकडे. आपले गड डोंगरात असतात ते तिथल्याच माणसाने वरून खाली बघावं म्हणून. इथे उलटं होतं.

संध्याकाळी पलीकडच्या अँगलसी बेटावर अठ्ठावन्न रोमन अक्षरांच्या नावाचं ते प्रसिद्ध स्टेशन पाहून आलो. ते लांबलचक नाव एकोणिसाव्या शतकात पर्यटक खेचायला वाढवलेलं आहे. फोटो काढला, चहा प्यालो. त्यापलीकडे तिथे काही नाही.

दिवस तिसरा : पाटी आणि तळं

हा दिवस माझ्यासाठी सगळ्यात मोठा ठरला. लॅनबेरिस गावाशेजारी अख्खा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला आहे. डिनॉर्विगची पाटीच्या दगडाची खाण. ऐन भरात तीन हजारांवर माणसं इथे राबायची. १९६९ मध्ये ती बंद पडली. जांभळट-राखाडी खपल्यांचे ढीग तळ्यापर्यंत उतरलेले. एक खपली उचलली, नखाने ओरखडा काढला, पांढरी रेघ उमटली. पहिलीतली पाटी! थुंकीने पुसायची की नाही यावर बाईंचा मार खाल्लेली पिढी आमची.

आणि हे खडक म्हणजे नुसते खडक नाहीत. भूशास्त्रात आपण कँब्रियन, ऑर्डोव्हिशियन, सिल्युरियन असे काळ पाठ करतो. कँब्रिया हे वेल्सचंच लॅटिन नाव, आणि ऑर्डोव्हिसेस, सिल्युरेस या रोमन काळातल्या इथल्या जमाती. जगातल्या कुठल्याही कॉलेजात पोरं ही नावं घोकतात, ती वेल्सच्या माणसांची नावं आहेत. मी वर्षानुवर्षं शिकवली आणि मला कधी ऐकूच आली नाहीत.

पाटीवरून दुसरी पाटी निघाली. एकोणिसाव्या शतकात इथल्या कित्येक शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. तो दिवसभर पुढच्या ‘गुन्हेगारा’कडे सरकायचा आणि शेवटी ज्याच्या गळ्यात उरेल त्याला छडी. एकदम वाईट वाटलं ते आपली आठवण येऊन. मधल्या सुट्टीत मराठी बोललं म्हणून दंड घेणाऱ्या शाळा आपल्याकडे मराठी आईबापच रांग लावून भरतात. वेल्शची गाडी मात्र रुळावर येतेय: शाळा आहेत, १९८२ पासून टीव्ही वाहिनी आहे. तरी २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे शंभरात जेमतेम अठरा.

दुपारी बाला गावाजवळ लिन केलिन नावाच्या तळ्यावर गेलो. सुंदर, शांत, निळं. ते तळं नव्हे, धरण आहे. खाली कापेल केलिन नावाचं गाव आहे: घरं, शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं. १९५७ मध्ये लंडनच्या संसदेने कायदा केला, वेल्सच्या बहुतेक सगळ्या खासदारांचा विरोध असताना. संख्येपुढे त्यांचं काय चालणार? १९६५ मध्ये गाव पाण्याखाली गेलं. लिव्हरपूलने माफी मागितली ती २००५ मध्ये. ट्रवेरिन हे त्या खोऱ्याचं नाव; ‘ट्रवेरिन विसरू नका’ हे वेल्शमधलं वाक्य अजून भिंतींवर रंगवलेलं दिसतं. वेल्सचं राजकारण तिथून पालटलं असं मानतात. आणि पुढे १९९७ मध्ये निसटत्या बहुमताने का होईना, स्वतःची विधानसभा हवी असं लोकांनी मत दिलं.

हे बराच वेळ काठावर उभे होते. ह्यांचं आजोळ इंदापूर तालुक्यातलं, उजनीत गेलेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तेव्हा आम्ही दोनदा जाऊन आलोय. इथेही दुष्काळात भिंती दिसतात, असं जावई म्हणाले. हे म्हणाले, “पाणी कुणाला गेलं ते कळलं, की गाव कुठं गेलं ते कळतं.” आणि गाडीत जाऊन बसले.

जावयांनी वातावरण हलकं करायला क्रिकेट काढलं. वेल्सच्या स्वान्सीत १९६८ मध्ये सोबर्सने एका षटकात सहा षटकार मारले, ग्लॅमॉर्गन या वेल्सच्या कौंटी संघाच्या नॅशला. त्याची बरोबरी १९८५ मध्ये वानखेडेवर रवी शास्त्रीने केली, आणि तो शास्त्री पुढे खेळायला गेला कुठे? ग्लॅमॉर्गनकडेच. फुटबॉलात वेल्सचा संघ वेगळा, रग्बीत वेगळा. क्रिकेटात मात्र वेल्सचा खेळाडू ‘इंग्लंड’कडून खेळतो. मंडळाच्या नावात वेल्स आहे, शर्टावर नाही.

दिवस चौथा : रेल्वेत

दिवस सगळा गाडीत गेला. कार्लाइलच्या आसपास रोमन सम्राट हेड्रियनची भिंत जवळून जाते. इ. स. १२२ पासूनची, सुमारे ११७ किलोमीटर लांब. लोक तिलाच स्कॉटलंडची हद्द समजतात, मीही समजत होते. ती सगळीच्या सगळी आज इंग्लंडात आहे. खरी हद्द ग्रेटनाजवळ. मी खिडकीला नाक लावून बसले होते. एक ओहोळवजा नदी, चार मेंढ्या, आणि संपलं. ना चौकी, ना कुणी तिकीट विचारलं.

दिवस पाचवा : एडिंबरा

किल्ल्यावर पोचल्यावर पहिलं काम: दगड. तर दगड नाही! २०२४ मध्ये तो पर्थच्या नव्या संग्रहालयात गेला, म्हणजे त्याच्या मूळ स्कोन गावाशेजारी. लंडनची खुर्ची रिकामी, एडिंबराची जागाही रिकामी. ह्यांनी मला ऐकवलं, “पंढरपूरला जाऊन विठोबा फिरायला गेलाय असं झालं.”

पण दुसरा दगड भेटला. एडिंबराचा किल्ला ज्वालामुखीच्या थिजलेल्या नळीवर आहे, आणि शहरातच आर्थर्स सीट नावाचा २५१ मीटरचा विझलेला ज्वालामुखी. त्याच्या पायथ्याच्या कड्यात भूशास्त्रज्ञ जेम्स हटनने अठराव्या शतकात पाहिलं, की वितळलेला खडक खालून गाळाच्या थरांत घुसलाय आणि थर वर उचलला गेलाय. पृथ्वी काही हजार वर्षांची नाही, अफाट जुनी आहे, ही गोष्ट ज्या पुराव्यांवरून त्याने मांडली त्यातला हा एक. हात लावला. हे फोटो काढत होते, मी हात काढेना.

इतिहास खाली रॉयल माइलच्या टोकाला, संसदेत. १६०३ मध्ये इंग्लंडची एलिझाबेथ निपुत्रिक गेली आणि स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचा पहिला जेम्स झाला. राजा एक, देश दोन. पुढे स्कॉटलंडने पनामाजवळ डेरिएनला वसाहत काढायचा घाट घातला. देशभरच्या लोकांनी त्यात पैसा ओतला, आणि १७०० पर्यंत सगळं बुडालं. पैसे बुडालेल्यांना इंग्लंडने भरपाई देऊ केली आणि १७०७ मध्ये स्कॉटलंडची संसद विसर्जित झाली. स्वतःचे कायदे, चर्च, शिक्षण मात्र त्यांनी हातचं सोडलं नाही. वकील आजही वेगळा लागतो. संसद परत भरली १९९९ मध्ये, दोनशे ब्याण्णव वर्षांनी. नवी इमारत २००४ ची, खर्च चाळीस कोटी पौंडांच्या वर, मूळ अंदाजाच्या दहापट. यात मात्र मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

गंमत पोस्टाच्या पेटीची. इंग्लंडात बऱ्याच लाल पेट्यांवर दुसऱ्या एलिझाबेथचं चिन्ह असतं. स्कॉटलंडात नाही, कारण इथे पहिली एलिझाबेथ झालीच नाही, मग दुसरी कुठून? एडिंबरात तसली एक पेटी बसवली, तर १९५३ मध्ये कुणीतरी ती सुरुंगाने उडवली. तेव्हापासून इथे नुसता स्कॉटलंडचा मुकुट. मी दोन-तीन पेट्या वाकून तपासल्या. खरंच.

मुक्कामाच्या घरी आजोबांनी नाश्त्याला लापशीसारखं ओट वाढलं, मीठ घालून. २०१४ च्या सार्वमताचं विचारलं. पंचावन्न टक्के ‘नको’, पंचेचाळीस ‘वेगळं व्हायचं’. “मी नको म्हटलं, हिने हो. पंधरा दिवस जेवताना रेडिओ लावायचो,” ते म्हणाले. मग २०१६ आलं. स्कॉटलंडने बासष्ट टक्क्यांनी युरोपात राहायचं ठरवलं आणि तरीही बाहेर पडावं लागलं. आता काय कराल, यावर त्यांनी फक्त बायकोकडे पाहिलं.

त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे देशाच्या पोटात देश असतो का? मी सांगितलं, आम्ही तर शब्दच तो वापरतो. माझी कोकणातली आजी ‘देशावर पाऊस नाही यंदा’ म्हणायची, म्हणजे घाटावर. घाट चढलं की तिच्या लेखी दुसरा देश. आजोबांना हे फार आवडलं. मुंबईचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते जॉन विल्सनही एडिंबराला शिकलेले आणि एल्फिन्स्टनही स्कॉटिशच, हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, चांगली माणसं स्कॉटिश आणि साम्राज्य इंग्लिश, असं आम्ही सोयीने धरतो.

दिवस सहावा : बोट

ग्लासगोहून बसने केर्नरायन बंदर, तिथून सव्वादोन तासांत बेलफास्ट. वाटेत समुद्रात एल्सा क्रेगचा घुमट दिसतो. बर्फावर दगड घसरवायच्या कर्लिंग खेळाचे नावाजलेले दगड तिथल्या ग्रॅनाइटचे. बोट लागली, मी बाकावर आडवी झाले, बाकी सांगण्यासारखं नाही.

दिवस सातवा : बेलफास्ट

टॅक्सीवाले काका आम्हाला भिंत दाखवायला घेऊन गेले. मला वाटलं होतं, बर्लिनसारखा तुकडा जपून ठेवला असेल. छे. ती चालू आहे. एका बाजूला फॉल्स रोड, कॅथलिक. दुसऱ्या बाजूला शँकिल रोड, प्रोटेस्टंट. मध्ये पत्रा, विटा आणि वर जाळी, दोन-तीन मजल्यांइतकी उंच. एका घराच्या मागच्या अंगणावर लोखंडी पिंजरा घातलेला, दगड-बाटल्या पडू नयेत म्हणून. पिंजऱ्यात कपडे वाळत होते आणि एक लहान मुलांची सायकल. रस्त्यांवरचे दरवाजे रात्री बंद होतात. पहिल्या भिंती १९६९ मध्ये तात्पुरत्या म्हणून उभ्या राहिल्या.

१८०१ मध्ये अख्खं आयर्लंड या राज्यात आलं; १९२१ मध्ये फाळणी झाली. अल्स्टर प्रांताच्या नऊपैकी सहा परगण्यांचं उत्तर आयर्लंड केलं, म्हणजे प्रोटेस्टंट बहुमत पक्कं राहील. उरलेलं पुढच्या वर्षी वेगळं झालं. फाळणी आम्हालाही ठाऊक आहे, मी काकांना म्हटलं. त्यांनी मान हलवली. साठच्या दशकाच्या अखेरीपासून तीस वर्षं जी धुमश्चक्री चालली, तिच्यात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. १९७२ च्या जानेवारीतल्या एका रविवारी डेरीत लष्कराने मोर्चावर गोळीबार करून तेरा माणसं जागीच मारली. शेवटी १० एप्रिल १९९८ चा करार. त्यातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटली: इथे जन्मलेल्या माणसाने स्वतःला ब्रिटिश म्हणावं, आयरिश म्हणावं, किंवा दोन्ही, पासपोर्टही हवे तर दोन्ही.

काकांना त्यांचा कुठला, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं. ह्यांनी कोपराने ढोसलं. ज्या गावाला एक बाजू डेरी आणि दुसरी लंडनडेरी म्हणते, त्याचं नाव ते दिवसभर ‘ते शहर’ असं घेत होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दिवस आठवा : जायंट्स कॉजवे

किनाऱ्यावर चाळीस हजार दगडी खांब, बहुतेक सहा बाजूंचे, फरशी बसवल्यासारखे समुद्रात उतरत गेलेले. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो, तडकतो, त्या तड्यांचे हे खांब. बेसाल्ट. आपलाच काळा कातळ! दख्खनचा थोडा जुना, साडेसहा कोटी वर्षांचा. हा त्यामानाने धाकटा. अंधेरीची गिल्बर्ट हिल अशाच खांबांची आहे, आणि तिला झोपड्या-इमारतींनी गळ्यापर्यंत वेढलंय. इथे लोक खांबांवर शांतपणे बसतात. ह्यांनी पाच बाजूंचे खांब शोधायला सुरुवात केली, मी सातचे. माझे जास्त निघाले.

फिन मॅककूल नावाच्या आयरिश राक्षसाने स्कॉटलंडच्या राक्षसाशी लढायला समुद्रातून हा रस्ता बांधला, अशी गोष्ट. पलीकडे स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावर तसेच खांब पुन्हा वर येतात. दोघांचा लाव्हा एकाच काळातला, समुद्र दोघांमध्ये नंतर आला.

दुपारी ऊन पडलं आणि क्षितिजावर स्कॉटलंडची रेघ दिसली.

लंडनला परतल्यावर स्टेशनाजवळच्या दुकानात दुधाची पिशवी आणि पाव घेतला, एडिंबरात सुट्ट्यात आलेली दहा पौंडांची नोट दिली. दुकानदाराने ती उजेडात धरली, उलटी केली, परत दिली. “ही इथली नाही.” स्कॉटलंडच्या तीन बँका स्वतःच्या नोटा छापतात, पौंड तोच, चित्रं त्यांची. माझ्या नोटेवर एका बाजूला गणिती मेरी सॉमरव्हिल, दुसऱ्या बाजूला दोन पाणमांजरं. मी सांगून पाहिलं की एकाच देशाची आहे. “असेल,” तो म्हणाला, “कार्ड आहे का?”

जावई म्हणाले, बँकेत बदलून मिळेल. नोट माझ्या पर्समध्येच आहे. पाणमांजरं फार गोड आहेत.